दारावरच्या चार फिती

सोमवार, ३ नोव्हेंबर

माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद कुठेतरी असावी, एवढ्याचसाठी ही वही उघडली आहे. कार्यालयानं मला दिलेली खुर्ची बसते. म्हणजे मी तिच्यावर बसते आणि ती माझ्याखाली बसत जाते. सकाळी साडेदहाला मी टेबलाच्या वर असते, बारा वाजता टेबलाच्या बरोबरीनं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझा फक्त चष्मा आणि कपाळ एवढाच भाग कामावर हजर असतो. बाजूचा दांडा ओढला की खुर्ची सुस्कारा टाकते आणि आणखी चार बोटं खाली जाते. मी लेखी तक्रार केली. तक्रार वाचून कार्यालयातल्या मुलीनं अत्यंत आदरानं माझं वजन विचारलं. त्रेपन्नाव्या वर्षी बाईमाणसाला रोज सकाळी पद मिळावं आणि रोज दुपारी ते काढून घेतलं जावं, याला शासनदरबारी काही शब्द असेल तर मला कळवावा.

सांगायचं म्हणजे मी आता अंतराळात नोकरीला आहे. अंतराळ गव्हाण आणि जासईच्या मध्ये आहे. उरण रस्त्याला कंटेनरच्या रांगेत तासभर थांबलं की डाव्या हाताला लागतं. तिथे निकेशचं गोदाम आहे. निकेश गव्हाणचा. त्याच्या आजोबांचं मिठागर होतं, वडिलांच्या वेळी त्यावर भराव झाला, त्याच्या वेळी गोदाम झालं. भाडेकरू सोडून गेला तेव्हा इतर कोणी नवा भाडेकरू शोधला असता. निकेशनं आत प्लायवुडचं अंतराळयान बांधलं आणि मराठी वेबमालिका काढली. नाव ‘नभसेवा’. या सेवेत कोणी कुठला बिल्ला, किती तारे, किती फिती लावायच्या याची नियमावली लिहिणं हे माझं काम.

"ताई, तुमी पनवेलमधल्या प्रत्येकाच्या पदाची खिल्ली उडवलीत," निकेश म्हणाला, "म्हणजे पदं तुम्हाला कळतात."

खिल्ली मी एकोणीस वर्षं उडवली, इथल्याच एका साप्ताहिकातल्या सदरात. साप्ताहिकाचे मालक तीनदा बदलले आणि दर नव्या मालकानं माझ्या सदराचा क्रमांक एकपासून सुरू केला. मे महिन्यात ते बंद पडलं तेव्हा सदरावर ‘क्रमांक ४२’ छापलेलं होतं. हे मी गंमत म्हणून सांगते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नभसेवेत एकूण हुद्दे किती, हे कोणालाच माहीत नाही. पटकथेत अकरा आहेत, कपडेपटात सोळा, आणि निकेशच्या तोंडी रोज एक वाढतो, कारण गावात जो भेटेल त्याला तो ‘तुलापण एक पद देतो’ असं सांगून येतो.

दिग्दर्शिका प्रांजल. वय अठ्ठावीस, झोप तीन तास. तिला विचारलं, "यांत्रिक मोठा की वैद्य मोठा?"

"सत्यवतीताई, लॉजिकमध्ये नका अडकू. मला फील पाहिजे."

फीलमध्ये यांत्रिक मोठा की वैद्य, हे कळलं नाही.

कॅप्टन झालेला हरेश हा निकेशचा मेव्हणा. तो येऊन म्हणाला, "ताई, माझे खांदे रुंद आहेत. रिकामे दिसतात. बायकोपण तेच म्हणाली." मी त्याला दोन तारे वाढवून दिले. रुंदीवर हुद्दा ठरवणारी ही पहिली सेवा नसावी.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते असं. अधिकाऱ्यांच्या खांद्यावर तारे. बाकीच्यांच्या बाहीवर फिती. छातीवर गोल बिल्ला फक्त कॅप्टनला. सगळे म्हणाले, समजलं. त्यावरून कोणालाच समजलेलं नाही हे मला समजलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

उरण नाक्याजवळ धर्मराजभाऊंच्या दुकानात गेले. तिथे बारा सुयांचं भरतकामाचं यंत्र आहे आणि ते सगळ्या तालुक्याला हुद्दे पुरवतं. शाळांचे मोनोग्राम, क्रिकेटच्या टुर्नामेंटचे बिल्ले, हळदीला पाहुण्यांच्या छातीवर लावायचे ‘वरपिता’ आणि ‘नवरीचा मामा’. आणि मुख्य म्हणजे सिक्युरिटीच्या एजन्स्यांचे खांद्यावरचे आणि बाहीवरचे सगळे प्रकार.

"कुठली एजन्सी?" धर्मराजभाऊंनी वर न बघता विचारलं.

"एजन्सी नाही. अंतराळ आहे."

"नवीन निघाली का? कुठं, उलव्याला?"

"काल्पनिक आहे, भाऊ. खरी नाही."

"सगळ्या तशाच असतात. वर्षात नाव बदलतात. ड्रेस कुठला, निळा का खाकी?"

"राखाडी."

"राखाडीवर पांढरा दोरा उठून दिसतो," ते म्हणाले आणि माझं चार दिवस खपून काढलेलं चित्र त्यांनी तेलाच्या डब्याखाली ठेवलं. "तुमी निश्चिंत जा. चाळीस वर्षं हेच करतोय."

मी निश्चिंत झाले नाही, पण गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

यानावर उभे राहायला चौदा माणसं हवी होती. नट आठ तास उभे राहत नाहीत, त्यांना मध्येच प्रेरणा लागते. निकेशनं डोकं चालवलं आणि आसपासच्या कंटेनर यार्डांतले गार्ड बोलावले, ज्यांची पाळी नसेल ते. चौदाच्या चौदा असे उभे राहिले की प्रांजल हळव्या आवाजात म्हणाली, "यांना काही सांगावंच लागत नाही."

त्यांतल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मुख्य दार दिलं. महादेव मढवी, जासईचा. दार प्लायवुडचं आहे, चंदेरी रंगाचं, आणि बाजूला सरकतं. त्यानं ते आधी दोनदा सरकवून पाहिलं, मग कडी कुठे आहे ते विचारलं. कडी नाही म्हटल्यावर त्याला ते आवडलं नाही.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, ते नियम तुमी लिवता?"

"हो."

"एक इचारू? तुमच्या जहाजाची कंपनी बदलली, तर दारावरच्या मानसाची नोकरी पयल्यापासून चालू होते का?"

मी म्हटलं, यानाची कंपनी कशाला बदलेल? त्यानं खिशातून रबर लावलेला गठ्ठा काढला आणि पत्ते मांडावेत तशी सात ओळखपत्रं टेबलावर मांडली. सातांवर तोच माणूस. पहिल्यावर केस काळे, सातव्यावर पांढरे. सात एजन्स्यांची सात नावं.

"गेट तेच, यार्डाचं दोन नंबर. बावीस वर्सं तिथंच हाय मी. एजन्सी गेली का दुसरी येते. ड्रेस नवा, आनि मीपन नवा. ह्या कार्डावर बगा, सर्विस अकरा मयने."

"मग फीत?"

"फीत पाच वर्सांनी देतात. पाच वर्सं एकपन एजन्सी टिकली नाय."

"म्हणजे बावीस वर्षांत एकही नाही?"

"कोरी बाही हाय," तो म्हणाला आणि ती पुढे करून दाखवली.

मला हे फार उपयोगी वाटलं. तिथल्या तिथे नियम २३ लिहिला: ‘सेवा दाराची मोजावी, कंपनीची नव्हे. एका दारावर पाच वर्षे उभे राहणाऱ्यास एक फीत द्यावी. मध्ये कंपनी कितीही वेळा बदलो.’ उपहास असा हवा की वाचणाऱ्याला तो सरकारी वाटावा. हात अजून गेलेला नाही.

महादेवनं मला तो दोनदा वाचायला लावला. "शाईनं लिवलात ना?" असंही विचारलं. मग कार्डं एकेक करून रबरात घातली. मला वाटतं त्याला एखादा संवाद हवा आहे. हल्ली कॅमेऱ्यासमोर उभं केलं की प्रत्येकाला संवाद हवा असतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बिल्ले आले. माझं चित्र तेलात भिजलं म्हणून धर्मराजभाऊंनी सगळं सवयीनं केलं होतं. सवय म्हणजे सिक्युरिटीची.

पहिलाच प्रसंग असा की यानाचा स्वयंपाकी थाळी घेऊन आत येतो. त्याच्या खांद्यावर, देव जाणे का, तीन तारे लागलेले. तो दारातून आला मात्र, चौदा जोडी बूट एकदम खाडकन वाजले आणि चौदा हात कपाळाला गेले. स्वयंपाक्याच्या हातून थाळी पडली. मागून हरेश आला, छातीवर गोल बिल्ला, चाल करारी. कोणी हललं नाही. एका गार्डनं तर हळूच विचारलं, "पार्किंग सोडून आत कसा आलास?"

प्रांजलनं कट म्हटलं. हरेशनं जे म्हटलं ते लिहीत नाही.

महादेव पुढे आला. "साहेब, रागावू नका. तीन तारे म्हंजे एजन्सीचा फील्ड ऑफिसर. तो दिसला का पाय आपसूक जुलतात. आनि तो गोल बिल्ला पार्किंगवाल्याचा असतो. आमी मुद्दाम नाय केलं."

धर्मराजभाऊंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "बरोबरच तर आहे."

मी पुन्हा चित्र काढून दिलं. या खेपेला प्लास्टिकच्या पिशवीत. पण घरी येताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझी नियमावली वाचून इतक्या दिवसांत एकाही माणसाला कळलं नव्हतं की कोणाला मान द्यायचा, आणि या चौदा जणांनी न वाचता अर्ध्या सेकंदात सगळं वाचलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नवे बिल्ले बरोबर आले. म्हणजे मी काढले तसे आले. ते बरोबर आहेत की नाहीत याबद्दल आता माझी खात्री उरलेली नाही.

प्रांजलनं नियम २३ वाचला आणि तिचे डोळे पाणावले. "ताई, हे किती इमोशनल आहे." मी म्हटलं, हे विनोदी आहे. ती म्हणाली, "दोन्ही." तर महादेवच्या बाहीवर चार फिती आल्या. धर्मराजभाऊंनी स्वतः शिवून दिल्या. महादेवनं बाही डोळ्यांजवळ नेली.

"चार पंचे वीस. दोन वर्सं उरतात, मॅडम."

"ती पुढच्या फितीत धरू."

"पुढची कवा? तीस तारखेला मी साठ पुरा. रविवार हाय. त्या दिवशी ड्रेस, टोपी, शिट्टी, सगलं जमा करायचं."

"मग आराम करा."

"ते हायच," तो म्हणाला.

प्रसंग लांबून होता. पार टोकाला दार, दारात तो. सात वेळा घेतला आणि साती वेळा तो खांबासारखा उभा. नंतर विचारत होता, हे मोबाइलवर दिसेल कधी, आणि बाही दिसेल का. घरी गंगाबाईनं विचारायला सांगितलंय म्हणाला. बायकोचं नाव गंगाबाई. आळीतही सांगून ठेवलंय. मी सल्ला दिला, डावा खांदा किंचित पुढे ठेवा. त्यानं ते मनावर घेतलं. अभिनयाची हौस या वयातही सुटत नाही माणसाला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज कॅप्टन दारातून जातो तो प्रसंग, जवळून. हरेश दाराशी पोचला आणि थांबला.

"एक मिनिट. मला एकपण फीत नाही आणि वॉचमनला चार? बघणारे काय समजतील, जहाज कोण चालवतो?"

"तारे बघा ना तुमचे, पाच आहेत," मी म्हटलं.

"तारे कोण मोजतं, ताई? शेजारी शेजारी उभे राहिल्यावर बाहीच दिसते."

प्रांजल दमलेली होती. माझ्याकडे वळली. "ताई, नियम काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. महादेवही. नियम तेवीस तोंडपाठ आहे मला, मीच लिहिलाय. मी म्हटलं, "अहो, ते मी गमतीनं लिहिलं होतं."

सगळे हसले. मी चांगलं हसवते, यात वाद नाही.

कपडेपटातला माणूस ब्लेड घेऊन आला. चार मिनिटं लागली असतील. कापड फाटू नये म्हणून महादेवनं हात स्वतःच ताठ पुढे धरला होता, रक्त तपासायला धरतात तसा. थोडे दोरे राहिले. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "लांबून दिसत नाय." पण प्रसंग जवळून होता.

फिती जमिनीवर पडल्या होत्या. मी उचलून पाकिटात घातल्या, हरवू नयेत म्हणून. हात धरल्याचं का लिहिलं, माहीत नाही. पुढचा मजकूर सुचत नाही, थांबते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

विशेष काही नाही. महादेव आला नाही. आज त्याचं कामही नव्हतं. त्याचं काम संपलं, असं मी दोन जणांना सांगितलं. दोघांनीही विचारलेलं नव्हतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

संकलकानं घोटाळा पकडला. सोमवारच्या चित्रणात दाररक्षकाच्या बाहीवर चार फिती, बुधवारच्यात नाहीत आणि वर दोरे लोंबतायत. कथेत दोन्हींमध्ये एकाच तासाचं अंतर आहे. प्रांजल म्हणाली, "ताई, नियमावलीतून काहीतरी कारण काढा. फिती गेल्या कशा?"

"शिक्षा झाली दाखवू," हरेश म्हणाला. "मी हुकूम वाचतो. माझ्या आवाजात."

सगळ्यांना पटलं. मी दहा मिनिटांत लिहून दिला: ‘गस्तीच्या वेळी दारातच घोरताना आढळल्यामुळे, आणि त्याच्या घोरण्यास परकीय यानाचा इशारा समजून सर्व तोफा सज्ज केल्या गेल्यामुळे, दाररक्षकाच्या चारही फिती काढून घेण्यात येत आहेत.’ हरेशनं वाचून दाखवला तेव्हा प्रकाशयोजनेवाला पोट धरून खाली बसला. साप्ताहिक बंद झाल्यापासून इतकी दाद मिळाली नव्हती. घरी येऊन स्वतःसाठी भजी तळली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

उरलेले बिल्ले आणायला धर्मराजभाऊंकडे. गप्पांच्या ओघात तो हुकूम त्यांना म्हणून दाखवला. ते हसले नाहीत. मला वाटलं यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटला. त्यांनी यंत्र बंद केलं.

"महादेव मढवी? दोन नंबर गेटचा?"

"तो नाही हो. नाटकातला दाररक्षक."

"नाटकातल्याचं तोंड कोणाचंय?"

मी काउंटरवरचे बिल्ले मोजायला लागले.

"ताई, मी या लोकांचे बिल्ले चाळीस वर्षं शिवतोय. गार्डला दारूडा म्हणा, चालतं. भांडखोर म्हणा, चालतं. झोपला म्हटलं की संपला. त्याला मग कोणी कुठल्या गेटवर उभं करत नाही."

"तो तर तीस तारखेला निवृत्तच होतोय."

"हां," धर्मराजभाऊ म्हणाले. "आणि सगळ्या आळीला सांगून बसलाय, माझ्या फिती बघा. आता आळी फिती बघणार, आणि मग त्या का काढल्या तेही ऐकणार. बायको, मुलगा, सून, सगळे."

त्यांनी यंत्र पुन्हा चालू केलं. मी बिल्ले घेतले. रिक्षा मिळत नाही म्हणून चालत निघाले. निम्म्या वाटेवर लक्षात आलं की मी एकाही रिक्षाला हात केलेला नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यात आधी प्रांजलकडे गेले. निकेश तिथेच चहा घेत होता.

"तो हुकूम काढून टाका," मी म्हटलं.

"का? सगळ्यात भारी तेच झालंय."

"म्हणूनच."

"मग फिती गेल्या कुठे? काहीतरी सांगावं लागेल ना, ताई."

"फिती गेल्याच नाहीत. बुधवारचा महादेव काढून टाका. सोमवारचा ठेवा."

"आणि दार? कॅप्टन दारातून जातो, ते दार दिसलंच पाहिजे."

"दार दिसू दे. माणूस नको. नियम एकतीस: कॅप्टन बाहेर पडत असताना दाररक्षक बाहेरच्या अंगाला उभा राहील."

प्रांजलनं माझी नियमावली चाळली. "इथे तीसच आहेत. हा कधी लिहिलात?"

"आत्ता."

निकेशनं कप खाली ठेवला. "ताई, हा गमतीतला का खरा?"

"खरा," मी म्हटलं. मग तेवीसवर बोट ठेवून म्हटलं, "हापण."

प्रांजल माझ्याकडे बघत राहिली. तिला काय दिसलं कोण जाणे, म्हणाली, "ठीक आहे. हरेशला तुम्ही सांगायचं."

हरेशला मी सांगितलं. एकूण अनुभव लिहिण्यासारखा आहे, पण नको.

संध्याकाळी संकलकानं सोमवारचा तुकडा मोबाइलवर लावून दाखवला. सहा सेकंद. पार टोकाला चंदेरी दार, दारात तांदळाएवढा माणूस, डावा खांदा किंचित पुढे. फिती मोजता येत नाहीत. बाहीवर पांढरं काहीतरी आहे एवढंच कळतं. मी त्याला वाचवलं की कापून टाकलं, हे काही मला नीट सांगता येत नाही. संकलकाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, फाइल सेव्ह केलीय."

रविवार, ३० नोव्हेंबर

दुपारी दोन नंबर गेटवर गेले. ट्रेलरची रांग वळणापर्यंत. महादेव खाकीत होता, शिट्टीची दोरी खांद्यावर, बाही कोरी. मला बघून त्याला नवल वाटलं असेल तर त्यानं ते दाखवलं नाही. टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. पेन सुतळीनं बांधलेलं.

"नाव, गाव, टाइम. कोनाकडं आलात?"

"तुमच्याकडेच."

"गार्डकडं कोन येत नाय, मॅडम. ‘कोणाकडे’ आनि ‘हुद्दा’ हे रकाने साहेबलोकांचे हायत. कोरे सोडा."

मी नाव, गाव, वेळ लिहिली. दोन रकाने कोरे सोडले. त्यानं मला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

मी पाकीट काढलं. "तुमच्या फिती. मी ठेवल्या होत्या."

त्यानं आत डोकावून पाहिलं, हात लावला नाही. "हा कपडेपटाचा माल हाय ना? गेटपास हाय का?"

"नाही."

"मंग परत न्या. आज शेवटच्या दिवशी मी बिनपासाचा माल घेनार नाय."

पाकीट पर्समध्ये ठेवलं. मग त्याला सहा सेकंदांचं सांगितलं. लांबून दिसतो, पण फितींसकट दिसतो. त्यानं मान हलवली. तेवढ्यात ट्रेलर आला. तो गेला, सील तपासलं, नंबर लिहून घेतला, दांडा वर केला, खाली केला, परत आला.

"आनि ते झोपल्याचं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"धर्मराज बोलला."

"काढलं ते. येणार नाही."

"लिवलं कोनी व्हतं?"

"मी."

तो रस्त्याकडे बघत होता. "लिवता चांगला तुमी," म्हणाला. "सगली हसली म्हनं."

एकोणीस वर्षं दर आठवड्याला मला आठशे शब्द सुचत आले. मी "हो" म्हणाले.

मग तो आपणहून बोलत राहिला. उद्यापासून सकाळी काय करायचं ते ठरलेलं नाही. गंगाबाई म्हणते, अंगणात बसा, कोण येतं कोण जातं बघा. "रजिस्टर घेऊन बस, असं पोरगा बोलतो. मस्करी करतो." पावणेसहाला नवा गार्ड आला. पंचविशीतला, खाकी अजून कडक, घडी न मोडलेली. महादेवनं त्याला किल्ल्या दाखवल्या, कुठलं कुलूप अडकतं ते सांगितलं, कुत्र्याचं नाव सांगितलं. मी उठले.

"बाहेरचा टाइम टाकू द्या," महादेव म्हणाला आणि रजिस्टर ओढायला लागला.

"थांबा. माझं अपुरं आहे."

पेन घेतलं. सुतळी आखूड होती, वाकून लिहावं लागलं. ‘कोणाकडे’ याखाली लिहिलं: श्री. महादेव मढवी. ‘हुद्दा’ याखाली: दाररक्षक, गेट क्र. २, सलग बावीस वर्षे. रकाना अरुंद होता म्हणून दोन ओळी झाल्या. पण अक्षर नीट काढलं.

त्यानं चष्मा लावला आणि ट्रेलरचे नंबर वाचतो तसं, प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. ‘सलग’पाशी बोट थोडा वेळ थांबलं.

"खाडाखोड नाय ना?"

"नाही."

त्यानं वेळ टाकली, ५.५२. पुढे सही केली, पूर्ण नावाची. मग रजिस्टर नव्या गार्डकडे सरकवलं.

"हे भरलं तरी फेकू नको," त्याला म्हणाला. "कस्टमवाले कवापन मागतात."

नवा गार्ड ती ओळ वाचत होता. महादेव शिट्टी गळ्यातून काढायला लागला होता, पण मागे ट्रेलरनं हॉर्न दिला, म्हणून ती तशीच ठेवून तो दांडा उचलायला गेला.